दाराजवळचा बाक

मित्रांनो, बाक म्हटले की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तुम्हाला लगेच शाळा आठवते. पण मी शाळेतला बाक नव्हे. मी एका लहान गावातल्या प्रोटेस्टंट चर्चमधला जुना बाक आहे. माझे जवळजवळ सगळे आयुष्य शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला खेटून गेले. आता म्हातारपणी तुमच्या रविवारच्या शाळेच्या खोलीत येऊन पडलो, ती गोष्ट वेगळी. तुम्ही माझ्यावर उभे राहता, उड्या मारता, कर्कटकाच्या टोकाने नावे कोरता. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझ्या मनात दुसरेच काही तरी सलते आहे, आणि ते कोणाला तरी सांगून टाकायचे आहे.

आमचे चर्च बांधले ते दाढीवाल्या पाळकांनी. त्यांचे खरे नाव दारावरच्या दगडात कोरलेले आहे, पण गाव त्यांना दाढीवालेच म्हणत असे. ते स्वतः चुना कालवत आणि दगड उचलत. बाकांचे काम त्यांनी गावातल्या सुताराला दिले होते. बारा बाक ठरले होते आणि बारा झाले. थोड्या फळ्या उरल्या, तेव्हा पाळक म्हणाले, "यात एखादा छोटा होईल का? उशिरा येणारे बिचारे दारात उभे राहतात."

सुताराने फळ्या मोजल्या. "होईल, पण दोन माणसांपुरता. आणि एक पाय तुकडे जोडून करावा लागेल."

असा मी झालो, उरल्यासुरल्या लाकडाचा. दाराजवळ ठेवल्याबरोबर मी डुगडुगलो. सुतार हसून म्हणाला, "घ्या, दुष्काळात तेरावा महिना." पुढचे बारा भाऊ गुळगुळीत आणि ऐटबाज होते. मी आपला कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिलो. पहिले काही रविवार मला स्वतःची लाजच वाटत होती.

पण लवकरच माझे बरे दिवस आले. रात्रभर बाळंतपण करून आलेली सुईण माझ्यावर टेकायची आणि उपदेश सुरू होताच डुलक्या घ्यायची. दूधवाला किटल्या बाहेर ठेवून धापा टाकत यायचा. बेकरीवाल्याच्या कोपरांना पीठ लागलेले असायचे आणि ते माझ्या पाठीलाही लागायचे. कोणी उशिरा आले की दाढीवाले पाळक उपदेश थांबवून मान हलवत आणि म्हणत, "आलात? बरं झालं." मग पुढे बोलू लागत. लोक कामातून उठून येतात आणि सर्वांत आधी मला भेटतात, याचा मला फार अभिमान होता. ती वीस वर्षे कशी गेली ते कळले नाही.

दाढीवाले गेले आणि घड्याळवाले पाळक आले. त्यांनी पहिल्याच रविवारी खिशातले घड्याळ काढून उपदेशाच्या मेजावर ठेवले. नऊ वाजता दार बंद, अशी शिस्त लागली. धाकाने काही जण वेळेवर येऊ लागले आणि काही जण यायचेच बंद झाले. सुईण बंद झालेल्यांपैकी. माझ्यावर झाडू, बादली आणि फाटकी गीतपुस्तके येऊन बसली.

घड्याळवाले वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी माझ्यासाठी नवे काम काढले. मंडळीतल्या कोणी उघड भांडण केले, खोटी साक्ष दिली, दारू पिऊन धिंगाणा घातला, तर ते त्याला काही आठवडे 'शिस्तीखाली' ठेवत. त्या माणसाने माझ्यावर बसायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटला जाई. तेव्हा त्याने तो घ्यायचा नाही. मुदत संपली की पाळक भर उपासनेत मागे चालत येत, त्याचा हात धरत आणि त्याला पुढे नेऊन बसवत. सगळी मंडळी उभी राहून गीत म्हणत असे. आपले आपण उठून पुढे जायचे नाही, कोणी तरी हात धरून न्यायचे, हा त्यातला मुख्य नियम होता.

एकदा घंटा वाजवणाऱ्यावर ते सगळ्यांदेखत ओरडले होते. पुढच्या रविवारी ते स्वतःच माझ्यावर येऊन बसले. उपदेश एका पंचाने केला, आणि घंटावाल्यानेच त्यांचा हात धरून त्यांना पुढे नेले. असा तो सरळ माणूस होता.

त्यांची आणखी एक रीत होती. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळे ते वहीत लिहीत. पण कोण शिस्तीखाली आहे आणि कशासाठी, हे कधीच लिहीत नसत. एका पंचाने विचारले, तर म्हणाले, "माणसाची चूक कागदावर ठेवली की ती त्याच्या नातवंडांनाही वाचता येते. ती माझ्या डोक्यात राहू दे. मुदत संपली की मीच विसरेन."

किती चांगला विचार होता, नाही का? त्यानेच घात केला.

गावात दोन जावा होत्या. थोरलीचा नवरा चर्चचा पंच होता आणि तिला तीन मुले होती. धाकटी विधवा होती, तिला मूलबाळ नव्हते. ती शिवणकाम करत असे, म्हणून सगळे तिला शिंपीणबाई म्हणत. प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापडही तिनेच शिवले होते. दोघी एकाच घरात राहत. सासू वारली आणि सासूच्या शिलाई मशीनवरून दोघींची जुंपली. एका रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच तोंडाला तोंड लागले. थोरली म्हणाली, "तुला कशाला हवी मशीन? कोणाची झबली शिवायची आहेत?"

शिंपीणबाईच्या हातात गीतांचे पुस्तक होते. तिने तेच थोरलीच्या तोंडावर मारले.

जाड पुठ्ठ्याचे पुस्तक ते. थोरलीचा ओठ फुटला. सगळी मंडळी पायरीवर थिजून उभी राहिली. पाळकांनी तिथल्या तिथे निवाडा केला. जीभ थोरलीची सुटली, हात धाकटीचा सुटला, तेव्हा दोघीही दोषी. थोरलीला तीन आठवडे, धाकटीला सहा.

दोघी जावा माझ्यावर शेजारी शेजारी बसल्या, एकमेकींकडे पाठ करून. तीन आठवड्यांनी पाळकांनी थोरलीचा हात धरून तिला पुढे नेले. शिंपीणबाई एकटी राहिली. तिचे सहा आठवडे भरणार तोच पहिला रविवार होता, म्हणजे त्याच दिवशी तिला प्रभुभोजन मिळाले असते. त्याआधीच्या गुरुवारी घड्याळवाले पाळक दाढी करताना चक्कर येऊन पडले. त्यांना शहरातल्या इस्पितळात नेले. ते परत आले नाहीत.

झाले. कोणाचा हात कधी धरायचा, हे त्यांच्याबरोबरच गेले.

तुम्ही म्हणाल, सगळी मंडळी पायरीवर उभी होती, सगळ्यांना माहीत होते. होतेच. पण पंचांना वाटले, नवे पाळक येतील ते बघतील. बायकांना वाटले, पंच सांगतील. पंचांपैकी एक तर थोरलीचा नवराच, तो कशाला स्वतःच्या घरचे भांडण उकरून काढतो? असे शिंपीणबाईचे घोंगडे भिजत पडले. आणि ती दर रविवारी येऊन माझ्यावर बसू लागली.

आता माझा गुन्हा ऐका. मला बरे वाटत होते.

किती वर्षे माझ्यावर झाडू आणि बादली होती. शिंपीणबाई आली तशी ती मला रोज नाही तरी दर रविवारी पुसायची. तिने उरलेल्या चिंध्यांची एक गादी शिवून आणली. माझ्या तोकड्या पायाखाली लाकडाची चकती बसवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी न डुगडुगता उभा राहिलो. उपदेश चालू असताना ती माझ्या कडेवरून बोट फिरवत असे, शिवणीवरून फिरवावे तसे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला धास्ती वाटे की आज कोणी तरी येऊन हिला घेऊन जाईल. कोणी आले नाही की मी सुटकेचा श्वास सोडत असे. लाकडाला श्वास नसतो म्हणतात. मला होता, आणि मी तो अशा कामासाठी वापरला.

नवे पाळक आले ते गाणारे. भला मोठा आवाज आणि लोण्यासारखे मन. शिंपीणबाईला दाराजवळची हवा मानवते, असे त्यांना कोणी तरी सांगितले आणि ते त्यांनी मानले. तिच्याकडून ते आपला झगा शिवून घेत, तब्येतीची विचारपूस करत. प्रभुभोजनाचे ताट घेऊन पंच मागे येत तेव्हा शिंपीणबाई मान खाली घाले आणि ताट पुढे जाई. पाळकांना वाटे, हिची काही तरी मनाची अडचण असेल, आपण कशाला खोदा?

त्यांच्या दुसऱ्या वर्षीचा एक रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाहेर वारा सुटला होता. गीत चालू असताना पाळक उपदेशाच्या जागेवरून खाली उतरले आणि थेट मागे चालत येऊ लागले. शिंपीणबाईने त्यांना पाहिले. तिने पुस्तक मिटले, पदर सारखा केला आणि उभी राहिली. पाळक जवळ आले, त्यांनी हात पुढे केला. तिनेही हात पुढे केला. पाळकांचा हात तिच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि त्यांनी वाऱ्याने आपटणारे दार लावून घेतले. "बसा बसा, बाई," ते हळूच म्हणाले, "गार वारा बाधेल."

ती बसली. पुढे केलेला हात तिने दुसऱ्या हातात धरून ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या आनंदाची शरम वाटली.

घरी दोघी जावांचे केव्हाच मिटले होते, बरे का. मशीन शिंपीणबाईच्या खोलीत आली आणि थोरलीच्या मुलांचे सगळे कपडे तिच्यावर शिवले गेले. मुले तर जेवायलाही काकूकडेच असत. दुखणीखुपणी, पाहुणेरावळे, गळके छप्पर, सगळ्यावर दोघींचे बोलणे होई. या एका गोष्टीवर मात्र अळीमिळी गुपचिळी. रविवारी दोघी घरून एकत्र निघत, दारापर्यंत एका छत्रीतून येत. मग एक पुढे जाई आणि एक माझ्याकडे वळे.

थोरलीच्या मुलीचे लग्न आमच्याच चर्चमध्ये झाले. नवरीचा पांढरा पोशाख शिंपीणबाईने शिवला होता, तीन महिने खपून. वधूची आई आणि मावश्या पुढे बसल्या. जिने बाह्यांवरचा एकेक टाका घातला ती मागे माझ्यावर बसून तो पोशाख पाठमोरा पाहत होती. नवरी जाताना थांबली आणि काकूच्या गळ्यात पडली. थोरली दोन पावलांवर उभी होती. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

गाणारे पाळक चौदा वर्षांनी बदलून गेले. त्यांच्यानंतरचे पाळक नऊ वर्षे होते, पण त्यांचा अर्धा वेळ सभा आणि बैठकांच्या प्रवासात जाई. त्यांना शिंपीणबाई ही चर्चच्या सामानापैकीच वाटत असावी, माझ्यासारखी.

मग धाकटे पाळक आले. वयाने कोवळे, कामाला उत्साही. तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवले की बाक काढून खुर्च्या आणायच्या. एका शनिवारी शिंपीणबाई मेजाचे कापड बदलायला आली होती, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, "मावशी, तो दाराजवळचा बाक सगळ्यात आधी निघेल. उद्यापासून तुम्ही पुढं बसा."

तिच्या हातातले कापड तसेच राहिले. "मला पुढं बसता येत नाही."

"का? गुडघे दुखतात?"

"गुडघ्यांचं काय? मी शिस्तीखाली आहे."

त्यांनी तो शब्द पुस्तकातच वाचला होता. "कोणी ठेवलं?"

"घड्याळवाल्या पाळकांनी. सहा आठवड्यांसाठी."

"अहो, त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली."

"हो ना," शिंपीणबाई म्हणाली. "मला वाटायचं, प्रत्येक नव्या पाळकांना आधीचे सांगून जात असतील. कोणी उठवत नाही म्हणजे माझंच अजून काही तरी कमी पडतंय. मी पुष्कळ शोधलं. काय कमी पडतंय ते काही सापडलं नाही."

धाकटे पाळक माझ्यावर मटकन बसले. मलाही त्या क्षणी प्रथमच समजले. सव्वीस वर्षे मला वाटत होते की ती वाट पाहते आहे. ती वाट पाहत नव्हती. ती स्वतःत खोट शोधत होती.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. पाळकांनी उपदेश बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आपल्यातली एक बाई सव्वीस वर्षं शिस्तीखाली आहे. तिची मुदत सहा आठवड्यांची होती. मी तीन वर्षं इथं आहे आणि मी तिला साधं विचारलंही नाही. तुमच्यापैकी हे कोणाला माहीत होतं?"

ज्यांना माहीत होते त्यांतले निम्मे दफनभूमीत गेले होते. उरलेले आपल्या चपला पाहू लागले. मग पहिल्या रांगेत थोरली काठी टेकत उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिली दोन वर्षं रागानं नाही बोलले. मग लाजेनं. मग वाटलं, आता बोलले तर लोक विचारतील, इतकी वर्षं का नाही बोललीस."

पाळक चालत मागे आले. त्यांनी शिंपीणबाईपुढे हात धरला. तिने तो घेतला नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्या शेजारच्या खोलीत राहून हिला माहीत होतं. आता पुढं येऊन मी कोणाशेजारी बसू?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. थोरली पहिल्या रांगेतून निघाली होती. बारा रांगा ओलांडायला तिला फार वेळ लागला आणि मदतीला आलेल्या मुलाला तिने हाताने दूर सारले. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

शिंपीणबाई हलली नाही.

"सरक गं. पाय दुखतात माझे."

शिंपीणबाईने तिच्याकडे पाहिले. मग ती सरकली. थोरली बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "पाळकसाहेब, तीन आठवड्यांत मी उगीच उठले. आता दोघींना एकदम न्या. नाही तर इथंच द्या."

पाळकांनी ताट मागे आणले. सगळी मंडळी माना वळवून पाहत होती. शिंपीणबाईने भाकरीचा तुकडा घेतला आणि तो हातात तसाच धरून बसली. आधी प्रार्थना होते की आधी खायचे, हे ती विसरून गेली होती. तिने हळूच जाऊबाईकडे पाहिले. थोरलीने तुकडा तोंडात घातला, तेव्हा तिनेही घातला.

त्यानंतर दोघी पुढे बसू लागल्या. शिंपीणबाईला आणखी अकरा प्रभुभोजने मिळाली. मग ती वारली. तिची हुकलेली तीनशे बारा होती, मी एकेक मोजले आहे. थोरली आता एकटीच येते. मेजावरचे पांढरे कापड बदलते आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहते.

मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, मला पावसात ठेवू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड आहे, किती दिवस टिकायचे ते टिकेल. पण तुमच्या वर्गात, खेळात, तुमच्या घरात कोणी तरी नेहमी मागे बसत असेल. त्याला तिथेच आवडते, असे तुम्ही धरून चालला असाल. आमच्या मंडळीनेही तसेच धरले होते, आणि माणसे काही वाईट नव्हती. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, तिच्या शिवणीचे कौतुक केले, गार वारा लागू नये म्हणून दारसुद्धा लावले. तू इथे का बसतेस, हे मात्र विचारले नाही. मला तोंड नव्हते, आणि असते तरी मी गप्पच राहिलो असतो, कारण मला ती हवी होती. तुम्ही तसे करू नका. उद्याच जा आणि विचारा.